पायथनमधील बहुचल मूल्यनियोजन
पायथन या संगणकभाषेत एकाच विधानाने अनेक चलांना आरंभीची मूल्ये देण्याची पद्धत.

उगम : गीदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसृत केलेल्या पायथनवर ॲमस्टरडॅम येथे विकसित झालेल्या एबीसी भाषेचा प्रभाव आहे. एकाच आज्ञेत अनेक चलांना मूल्ये देण्याची सोय एबीसीतही होती.

वैशिष्ट्ये : पायथनमध्ये चल आधी घोषित करावे लागत नाही, मूल्य देताच ते अस्तित्वात येते (पहा : गतिक प्रकारनिश्चिती). ‘क, ख = ख, क’ या विधानात उजवी बाजू आधी पूर्ण मोजली जाते, मग डावीकडील नावांना क्रमाने मूल्ये मिळतात; त्यामुळे तिसऱ्या चलाविना अदलाबदल होते. दोन्ही बाजूंची संख्या जुळली नाही, तर मूल्यदोष उद्भवतो. २००८ मधील ३.० आवृत्तीपासून ‘क, *ख = ग’ असे लिहून उरलेली मूल्ये एका यादीत घेता येतात. ‘क = ख = [ ]’ या साखळी रूपात दोन्ही नावे एकाच यादीला जोडली जातात; एका नावाने केलेला बदल दुसऱ्यातही दिसतो (पहा : परिवर्तनीय वस्तू). प्रकारनिर्देश ३.६ आवृत्तीपासून (२०१६) शक्य असला, तरी तो प्रत्येक चलास स्वतंत्रपणे द्यावा लागतो.

महत्त्व : फलनाकडून अनेक मूल्ये स्वीकारणे व आवर्तनात जोड्या उलगडणे या पद्धतीवर आधारलेले आहे (पहा : ट्यूपल, फलन).