ठेका कोणाच्या घड्याळावर? स्टुडिओतील यंत्रांचा एक इतिहास

१/ मंडळी, बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात राहणाऱ्याला मिनिटाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. फलाटावरचे आणि मनगटावरचे घड्याळ जुळले नाही, की गाडी चुकलीच. आजचा धागा अशाच जुळवाजुळवीचा आहे: स्टुडिओतील यंत्रे एकाच ठेक्यावर कशी चालू लागली, आणि ती चालू लागल्यावर कोणाचे काम गेले.

२/ आधी एक जुनी गोष्ट. १ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने स्वतःचा 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असे. महापालिकेची घड्याळे पुढे अनेक वर्षे त्याच वेळेवर चालली. घड्याळे दोन असली की प्रमाण कोणते, हे आधी ठरवावे लागते. स्टुडिओतही पहिला प्रश्न हाच असतो.

३/ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' झळकला. त्यात चित्र आणि आवाज एकाच फितीवर टिपले होते, त्यामुळे दोन यंत्रे जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता रेल्वेचा. स्टुडिओ रुळांलगत असल्याने गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर चित्रीकरण करावे लागे.

४/ पुढे कॅमेरा वेगळा आणि ध्वनिमुद्रक वेगळा झाला. दोन्ही फितींच्या कडेला सारखी छिद्रे आणि वेग सेकंदाला २४ चौकटी. दातेरी चाके त्या छिद्रांत अडकून फिरत, म्हणून एक फीत दुसरीच्या पुढे जाऊ शकत नसे. चित्रपटात वेळेचा हिशेब ही छिद्रेच ठेवीत.

५/ संगीताचा हिशेब मात्र माणसे ठेवीत. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस किंवा वांद्र्याचे मेहबूब स्टुडिओ येथे गायक आणि मोठा वाद्यवृंद एकाच वेळी मुद्रित होत. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीतकारांनी हा वाद्यवृंद घडवला. संचालकाचा हात हेच सर्वांचे घड्याळ. एकाचा सूर चुकला, तर पुन्हा सर्वांनी वाजवायचे.

६/ मग बहुपथ चुंबकीय टेप आली. तिच्यावर आठ, सोळा, चोवीस समांतर पट्ट्या असत, आणि प्रत्येक पट्टीवर वेगळे वाद्य वेगळ्या दिवशीही भरता येई. पण या टेपला छिद्रे नसतात. ती किंचित ताणली जाते, मोटरचा वेगही किंचित बदलतो. दोन यंत्रांच्या वेगात हजारात एक भाग एवढाच फरक असला, तरी पाच मिनिटांच्या गाण्याच्या शेवटी ०.३ सेकंदाची तफावत पडते. समेवर येणारा तबला इतका उशिरा आला, तर साध्या श्रोत्यालाही ते खटकेल.

७/ यावर तोडगा निघाला टाइमकोडचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत दूरचित्रवाणीसाठी तो विकसित झाला. टेपच्या एका पट्टीवर संगीताऐवजी एक किरकिरता संकेत भरायचा. त्यात प्रत्येक चौकटीसाठी ८० बिट असतात आणि त्यांतून तास, मिनिट, सेकंद व चौकट कळते. दुसरे यंत्र तो संकेत वाचते आणि आपली मोटर कमीजास्त करून पहिल्याच्या मागे धावते. चोवीस पट्ट्यांच्या टेपवर बहुधा चोविसावी पट्टी याला देत. तिचा आवाज शेजारी झिरपू नये म्हणून तेविसावीही अनेकदा रिकामी ठेवीत. जुळवणुकीची किंमत दोन पट्ट्या.

८/ सिक्वेन्सर आला तेव्हा अडचण भाषेची झाली. टेप सेकंदांत बोलते, सिक्वेन्सर मात्रांत. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर विसाव्या सेकंदाला चाळीस मात्रा पुऱ्या झालेल्या असतात. हे भाषांतर करणारी पेटी दोघांच्या मध्ये बसवावी लागे. लय बदलली, की तिला प्रत्येक बदल आधी शिकवावा लागे.

९/ या कथेतला मुंबईचा मानकरी म्हणजे चरणजित सिंग, हिंदी चित्रपटसंगीतातील वादक. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी काढली. त्यात रोलँडची तीन यंत्रे होती: टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हा खर्जाचा सिक्वेन्सर आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. यांपैकी पहिली दोन पाच पिनांच्या एका तारेने जोडता येत. त्या तारेतून प्रत्येक मात्रेला २४ स्पंदने जात. तबकडी फारशी चालली नाही. पाच वर्षांनी शिकागोत याच टीबी-३०३ वर 'ॲसिड हाउस' उभे राहिले आणि २०१० मध्ये मुंबईची ही तबकडी पुन्हा प्रकाशित झाल्यावर जगाचे कान टवकारले.

१०/ १९८३ मध्ये मिडी आले, आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एक भाषा बोलू लागली. मात्रेला २४ स्पंदने हा हिशेब त्यातही टिकला. १९९२ मध्ये ॲडॅट हा डिजिटल मुद्रक बाजारात आला. एका एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ पट्ट्या, आणि अशी सोळा यंत्रे जोडून १२८. येथे नमुने सेकंदाला ४८,००० वेळा घेतले जातात. ते एकाच क्षणी घेतले गेले नाहीत, तर आवाजात टकटक उमटते. म्हणून सर्व यंत्रांना एकच घड्याळ लागते आणि बाकीची त्याचे ऐकतात.

११/ आता मूळ मुद्दा. यंत्रे जुळली तशी माणसे एकत्र येण्याची गरज संपली. व्हायोलिनवादक सकाळी, बासरीवादक संध्याकाळी, कानात ठोक्याचा आवाज घेऊन एकेकटे वाजवू लागले. तंतुवाद्यांचा ताफा कीबोर्डच्या पट्टीत मावला. १९९०च्या दशकात मुंबईतल्या मोठ्या वाद्यवृंदांना मिळणारे काम झपाट्याने आटले. हे केवळ यंत्रांनी केले असे नाही, निर्मात्यांनाही खर्च कमी हवाच होता. पण एकत्र न बसताही गाणे पुरे होऊ शकते, हे दाखवले ते यंत्रांच्या जुळणीने.

१२/ मिळाले तेही थोडे नाही. जे काम मोठ्या स्टुडिओतच होई, ते आज बदलापूरच्या एखाद्या खोलीत संगणकावर होते, आणि त्यात जुळवण्याची वेगळी कटकट जाणवतही नाही. पण संचालकाच्या हाताकडे पाहत लय धरण्याचे ते ज्ञान टेपवर कोठेही लिहिलेले नाही. ते वादकांच्या आठवणीत आहे.

१३/ म्हणून एक विनंती. तुमच्या घरी, चाळीत, कॅम्पात कोणी आजोबा-आजी ऑर्केस्ट्रात, बँडमध्ये वा स्टुडिओत वाजवत असतील, तर त्यांच्यासमोर मोबाइल ठेवा आणि विचारा, "तुम्ही सगळे एकदम कसे सुरू व्हायचात?" उत्तर जपून ठेवा. इतिहासाचे हे साधन आपल्याच हाती आहे.

(समाप्त)