दुरून दिलेला धडा

श्रोतेहो, आज जालना जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर बसून मोबाईलच्या पडद्यावर इंग्रजी शिकता येते, बीजगणित शिकता येते, आणि संकेतस्थळाची रचना कशी करावी, म्हणजे ज्याला वेब डिझाइन म्हणतात, तेही शिकता येते. शिकवणारा पुण्यात असेल, नाही तर साता समुद्रापलीकडे. हे ऐकून काही मंडळी म्हणतात, आता गावच्या गुरुजींचे काम संपले. दुसरी म्हणतात, हे सगळे थोतांड आहे, समोर बसल्यावाचून का कुठे विद्या येते? दोन्ही बोलणी घाईची आहेत. दुरून शिकवण्याची खटपट माणसाने फार दिवसांपासून चालवली आहे. ती कुठे फळाला आली आणि कुठे अडली, हे पाहिले म्हणजे आज काय करावे ते आपोआप कळेल.

आरंभ आपल्या जिल्ह्यापासूनच करू. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १६०८ चा. त्यांच्या दासबोधात लेखनक्रिया या विषयावर एक स्वतंत्र समास आहे. अक्षर कसे काढावे, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, हे त्यात सांगितले आहे. पहिले अक्षर जसे, तसेच ग्रंथाचे शेवटचे अक्षर दिसले पाहिजे. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकूर शाबूत राहील. तरुणपणी हौसेने फार बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचवत नाही. आज वेब डिझाइन शिकवणारा शिक्षकही पहिल्या दिवशी जवळजवळ हेच सांगतो: कडेला मोकळी जागा ठेवा, अक्षराचा आकार एकसारखा ठेवा, वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करा!

हा दुरून दिलेला धडाच होता. सांगणारा एकीकडे आणि शिकणारा कुठल्या कुठे. पण त्यात दोन उणिवा होत्या. एक, त्याचा रोख त्या काळच्या रीतीप्रमाणे ब्राह्मणांकडे होता. गावातली बाकीची मुले आणि साऱ्या मुली त्या वर्गात धरलेल्याच नव्हत्या. आणि दुसरी, पोथी सांगू शकते, पण विद्यार्थ्याचे वाकडे अक्षर पाहू शकत नाही. ते पाहायला जवळ कोणीतरी लागतेच.

ही दुसरी उणीव भरून काढण्याचा एक मार्ग इंग्लंडात टपालाने दाखवला. १८४० साली तिथे एका पेनीत पत्र देशभर जाऊ लागले. त्याच सुमारास आयझॅक पिटमन याने लघुलेखनाचे धडे टपालाने पाठवायला सुरुवात केली. विद्यार्थी धडा गिरवून परत पाठवी, आणि पिटमन तो तपासून, चुका दुरुस्त करून पुन्हा धाडी. टपालाचा खरा उपयोग त्या परतीच्या फेरीत होता. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. त्याने पुस्तके घरी दिली, आणि जोडीला ठिकठिकाणी अभ्यासकेंद्रेही ठेवली. नोकरी आणि शेती सांभाळून शिकणाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

आता मराठवाड्याकडे वळू. इथली अडचण अंतराइतकीच भाषेचीही होती. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचेच. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता यात शंका नाही. पण मराठी घरातल्या मुलाला गणिताचे कोडे सोडवण्याआधी भाषेचे कोडे सोडवावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९५८ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठ झाले. ही आठवण आज मुद्दाम काढायची ती यासाठी, की पडद्यावरचे पुष्कळ धडे इंग्रजीत किंवा हिंदीत असतात. वाडीवरच्या मुलापुढे तीच जुनी भिंत नव्या रंगात उभी राहते.

त्याच १९५६ साली पुणे केंद्राने एक प्रयोग केला. आकाशवाणी आणि युनेस्को यांनी मिळून पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या ५ जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे काढली. आठवड्यातून दोनदा, असे एकूण २० कार्यक्रम झाले. गावातली वीसेक माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत, आणि मनात आलेल्या शंका केंद्राकडे पाठवत. त्यांतल्या शंकांना पुढच्या कार्यक्रमात उत्तरे मिळत. नंतर गावागावांची तुलना झाली. मंडळ होते तिथे लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. नुसता रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तिथे फारसा फरक पडला नाही. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पडला तो एकत्र बसण्याने आणि प्रश्न परत पाठवण्याने.

हा निष्कर्ष २०२० मध्ये पुन्हा पटला. साथीमुळे मार्चपासून शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवर आले. ग्रामीण भारतात शाळेत नाव असलेल्या शंभर मुलांपैकी सुमारे ६२ जणांच्या घरी स्मार्टफोन होता, असे त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीत दिसले. उरलेल्या ३८ जणांचे काय? आणि घरी फोन आहे म्हणजे तो मुलाच्या हाती आहे असेही नाही. तो बापाबरोबर शेतावर जातो. घरात एकच फोन आणि दोन मुले असली, तर बहिणीची पाळी भावानंतर येते. जिल्ह्यातली पुष्कळ कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, मुलेही बरोबर जातात. पाटीवरची शाळा गावात राहते, पण फोनमधला धडा कोपीपर्यंत जाऊ शकतो. हे या साधनाचे खरे बळ आहे. मात्र तिथे तो धडा कोणी लावून द्यायचा, आणि चुकले तर कोणी सांगायचे?

शिकवण्याच्या विषयाप्रमाणेही गरज बदलते. भाषा कानाने येते, म्हणून परकी भाषा बोलणाऱ्याशी समोरासमोर बोलायला मिळणे ही मोठी सोय आहे. सातारा जिल्ह्यात फलटणला सुगाता मित्रा यांच्या ‘स्कूल इन द क्लाउड’ प्रयोगाचे एक केंद्र होते. परदेशातली वडीलधारी माणसे पडद्यावरून मुलांशी इंग्रजीत गप्पा मारत.

गणिताचे तसे नाही. पलीकडून बाई ‘एकोणऐंशी’ म्हणाल्या आणि मुलाने ‘ऐंशी’ ऐकून ८९ लिहिले, तर ती चूक वहीत राहते, पडद्यावर दिसत नाही. ती पाहायला वहीजवळ डोळे हवेत.

वेब डिझाइनमध्ये तर हात चालवावाच लागतो. हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, अशा खुणा एचटीएमएल या भाषेत लिहून पान रचायचे असते. एक खूण बंद करायची राहिली तरी पुढची मांडणी बिघडू शकते. विद्यार्थ्याने स्वतः पान रचावे, ते दुरून शिकवणाऱ्याने पाहावे, आणि बिघाड कुठे झाला ते दाखवावे. म्हणजे पिटमनचीच परतीची फेरी. फक्त टपालाला लागणारे दिवस आता मिनिटांवर आले आहेत.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमचे काम संपलेले नाही. धडा कोणीही देवो, जवळचे माणूस तुम्हीच आहात. एका फोनभोवती चार-पाच मुले बसवा, आणि त्यांत मुलींना पुढे बसवा. धडा अर्ध्यावर थांबवून एखाद्याला तो आपल्या बोलीत सांगायला लावा. वह्या पाहा. ज्या शंकेचे उत्तर तुमच्याजवळ नसेल, ती मुलांच्या हातून लिहवून त्या दूरच्या शिक्षकाकडे धाडा, आणि उत्तर आले की सगळ्यांना वाचून दाखवा. १९५६ च्या श्रोतृमंडळांनी हेच केले होते, आणि त्यांच्याजवळ तर बोलणाऱ्याला उलट विचारायला टपालाशिवाय दुसरे साधन नव्हते.