मांजरांचा ल्युकेमिया

मांजरांचा ल्युकेमिया : पाळीव मांजरे आणि मार्जार कुलातील काही वन्य प्राणी यांना होणारा विषाणुजन्य रोग. नावात रक्ताचा कर्करोग असला, तरी या विषाणूने बाधित झालेली बरीच मांजरे गाठींनी मरत नाहीत. रक्तक्षय आणि खालावलेली प्रतिकारशक्ती यांमुळे जडणारे इतर आजार त्यांचा घात करतात. ‘पॅनल्युकोपेनिया’ हा अगदी वेगळा, पार्व्होव्हायरसमुळे होणारा आणि काही दिवसांत पिल्लू नेणारा आजार. नावातल्या साम्यामुळे दोन्हींची गल्लत होते आणि चुकीच्या रोगाची लस टोचून घेऊन मांजराचा मालक निश्चिंत होतो.

शोध : स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील पशुवैद्यक विल्यम जॅरेट यांच्या नजरेस आले, की एकाच घरातील अनेक मांजरांना लसिका ग्रंथींचा कर्करोग झाला आहे. कर्करोग संसर्गाने पसरतो, हे मत सस्तन प्राण्यांच्या बाबतीत त्या काळी सहजासहजी मान्य होणारे नव्हते. १९६४ मध्ये जॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या गाठींच्या पेशींत विषाणूसारखे कण दाखवले. ही नोंद ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हा विषाणू रिट्रोव्हायरस गटातला, म्हणजे स्वतःची जनुकीय माहिती यजमान पेशीच्या डीएनएत कायमची गुंफणारा. अमेरिकेत विल्यम हार्डी यांनी १९७३ मध्ये रक्तातील विषाणू ओळखण्याची चाचणी पुढे आणली, तेव्हा वरवर धडधाकट दिसणारी मांजरेही बाधित असतात हे उघड झाले. संशोधक मॅक्स एसेक्स यांनी याच विषाणूवर काम केले होते. १९८० च्या दशकात एड्सचे कोडे सुटत असताना हा अनुभव त्यांच्या कामी आला. मांजराच्या एका दुखण्याने माणसाच्या वैद्यकाला दिलेली ही मदत एरवी फारशी सांगितली जात नाही.

हा विषाणू मांजरांकडे आला कुठून, यावर मतभेद आहेत. १९७० च्या दशकातील संशोधनात उंदीरवर्गीय प्राण्यांच्या विषाणूंशी त्याचे नाते आढळले. शिकारीतून तो प्राचीन काळी मांजरांत शिरला असावा, असा तर्क त्यावरून केला जातो.

प्रसार : लाळ हे मुख्य वाहन. एकमेकांना चाटणे, एकाच ताटलीतून खाणे, चावे, तसेच आईचे दूध व गर्भावस्था या मार्गांनी विषाणू जातो. पिल्ले सर्वांत लवकर बळी पडतात, वाढत्या वयाबरोबर प्रतिकार वाढतो. शरीराबाहेर हा विषाणू दुबळा असतो. कोरड्या जागी तो काही तासांतच निष्प्रभ होतो आणि साध्या साबणाने मरतो. अमेरिका व कॅनडातील अठरा हजारांहून अधिक मांजरांच्या २००४ मधील तपासणीत २.३ टक्के मांजरे बाधित आढळली.

भारतातली मोजणी याहून कठीण आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत गायी-म्हशींपासून कुत्रे, ससे, हत्तीपर्यंत प्राण्यांची नोंद झाली. त्या यादीत मांजर नाही.

रोगाचा क्रम : विषाणू अंगात गेलेले प्रत्येक मांजर आजारी पडत नाही. काहींचे शरीर तो साफ हटवते, काहींत तो हाडांच्या मगजात दडून बसतो व रक्तात दिसेनासा होतो, तर काहींत तो वाढतच जातो. हा तिसरा प्रकार घातक. त्यात निदानानंतर साधारण अडीच ते तीन वर्षांचे आयुष्य धरले जाते, मात्र चांगल्या देखभालीत काही मांजरे त्याहून बरीच जास्त जगतात. वजन घटणे, वारंवार ताप, तोंडात व्रण, न भरणाऱ्या जखमा, फिकट हिरड्या, मानेत किंवा पोटात गाठी ही लक्षणे.

निदान : रक्ताचा थेंब घेऊन दहा-पंधरा मिनिटांत उत्तर देणारी एलायझा पद्धतीची तयार चाचणी वापरतात. एका चाचणीवर निकाल लावू नये. संसर्ग नवा असेल तर ती खोटा दिलासा देते आणि पॉझिटिव्ह आल्यावरही काही आठवड्यांनी ती पुन्हा करून, शक्य तर पीसीआरने पडताळून पाहावी. पूर्वी अनेक देशांत चाचणी पॉझिटिव्ह येताच मांजराला मारण्याचा प्रघात होता. आज बहुतेक तज्ज्ञ खात्यापित्या मांजराच्या बाबतीत तो सल्ला देत नाहीत.

उपचार : विषाणू अंगातून काढून टाकणारे औषध नाही. झिडोव्हुडीन, इंटरफेरॉन, रक्त चढवणे, गाठींसाठी केमोथेरपी हे उपाय निवडक मांजरांत करतात. त्यांच्या लाभाबाबत एकमत नाही.

घरगुती शुश्रूषा : या रोगात खरा वैद्य म्हणजे घरातले माणूस. आंजी (मोठी) हे वर्धा तालुक्यातले, वर्धा–आर्वी रस्त्यावरचे गाव उदाहरणादाखल घ्यावे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्र या गावी आहे, त्यामुळे माणसांच्या आरोग्यासंबंधीच्या शोधनिबंधांत आंजीचे नाव वारंवार येते. जनावरांच्या बाबतीत वर्धा जिल्हा ओळखला जातो तो गवळाऊ गोवंशासाठी. इकडच्या बोलीत पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे ‘ढोरांचा दवाखाना’, आणि बैल, गाय, शेळी यांच्या गर्दीत टोपलीत आणलेल्या मांजराकडे लोक कौतुकाने पाहतात. विशेष तपासणी लागली तर १९५८ साली स्थापन झालेले नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय वर्ध्याहून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. तेव्हा रोजची पारख घरीच शिकून घेणे भाग आहे.

पहिली गोष्ट हिरड्यांची. मांजर मांडीवर घेऊन, उजेडाकडे तोंड करून, वरचा ओठ अंगठ्याने अलगद उचलावा. निरोगी हिरडी गुलाबी असते. जुन्या कागदासारखी फिकट झाली, तर रक्त कमी झाले आहे. मांजर शांत झोपलेले असताना एका मिनिटातले श्वास मोजावेत. ते तीसच्या वर जात राहिले, तर डॉक्टर गाठावा. आठवड्यातून एकदा वजन करावे : आधी मांजराला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहावे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करावी. चार किलोच्या मांजराचे दोनशे ग्रॅम घटणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो घटणे. हे आकडे तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवलेले असले की डॉक्टरचे अर्धे काम होते.

अन्नाच्या बाबतीत वैदर्भी स्वयंपाकघरात एक मोठा धोका आहे. घरात कोंबडी शिजली की रश्शातला तुकडा मांजराला टाकला जातो. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. आधीच रक्तक्षय असलेल्या मांजराला हा रस्सा विषच. त्याच्यासाठी मसाला पडण्यापूर्वी, बिनमिठाचे दोन तुकडे वेगळे उकडून काढावेत. कच्चे मांस, कच्ची मासळी किंवा कच्चे अंडे देऊ नये, कारण त्यांतले जंतू निरोगी मांजर पचवते, हे पचवू शकत नाही. नुसत्या दूध-पोळीवर किंवा दूध-भातावरही मांजर टिकत नाही. त्याला टॉरिन हे पोषकद्रव्य मांसातूनच मिळवावे लागते. तोंडात व्रण असतील तर अन्न बारीक कुस्करून, किंचित कोमट करून द्यावे. वास चढला की भूक चाळवते. दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर वाट पाहू नये. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि मग मूळ आजार बाजूलाच राहतो.

दुसरा धोका औषधांच्या डब्यातला. ताप दिसला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणे मांजराच्या जिवावर बेतते, त्याच्या यकृताला ती निकामी करता येत नाही. कुत्र्यांसाठीची पर्मेथ्रिन असलेली पिसवांची औषधे मांजरांना घातक. फरशी फिनाईलने पुसली तर ती पूर्ण वाळेपर्यंत त्याला आत सोडू नये, पंजे चाटताना ते पोटात जाते. जंत आणि पिसवा यांचा बंदोबस्त मात्र नियमाने हवा, कारण पिसवांतून येणारे रक्तातले जंतू रक्तक्षय वाढवतात.

मांजर घरातच राहावे. बोक्यांच्या भांडणात हा विषाणू दुसरीकडे जातो आणि बाहेरचे रोग आत येतात. नसबंदीने भटकणे आणि भांडणे दोन्ही कमी होतात. खेड्यात, जिथे मांजर धान्याच्या कोठीची आणि कापसाच्या ढिगाची राखण करते, तिथे हा नियम जड जातो हे खरे. पण ज्या मांजराला आजार आहे, त्याला उंदरांच्या कामातून मोकळे करणे हाच इलाज. घरात दुसरी मांजरे असतील तर त्यांचीही चाचणी करावी आणि ताटल्या, पाण्याची भांडी, झोपण्याची जागा वेगळी ठेवावी. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो, तेव्हा रक्त कमी असलेले मांजर लवकर गळते. कूलरच्या खोलीत, जमिनीलगत त्याची जागा असावी आणि मातीच्या पसरट भांड्यात दिवसातून दोन-तीनदा ताजे पाणी भरावे. सहा महिन्यांतून एकदा रक्ततपासणी करावी.

माणसाला धोका : हा विषाणू माणसाला किंवा कुत्र्याला लागत नाही. गरोदर स्त्रीने मांजराची विष्ठा उचलू नये, हा सल्ला टॉक्सोप्लाझ्मा या निराळ्या परजीवीसाठी आहे.

लस : पहिली लस १९८५ मध्ये अमेरिकेत आली. भारतात मांजरांना सर्रास दिली जाणारी त्रिविध लस या रोगावर चालत नाही.

वन्य प्राणी : फ्लोरिडातील प्यूमांमध्ये २००१ ते २००४ दरम्यान या रोगाची साथ येऊन पाच प्राणी मेले. मूळ संसर्ग पाळीव मांजरापासून गेला, असे जनुकीय तपासणीतून दिसले.

मांजर गेल्यावर त्याची भांडी आणि अंथरूण साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवली की ती पुन्हा वापरता येतात. मात्र घरात दुसरे मांजर उरले असेल, तर त्याची चाचणी झाल्याशिवाय नवे पिल्लू आणू नये.