परक्या शब्दांचा धनी

बदनामीकारक मजकूर लिहिणाऱ्याइतकाच तो छापणारा प्रकाशकही दोषी, हे इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व. ग्रंथविक्रेत्याची गोष्ट मात्र निराळी. दुकानातील प्रत्येक पुस्तक त्याने वाचलेले असावे, ही अपेक्षाच व्यर्थ होय. लॉस एंजेलिसमधील एका विक्रेत्याच्या अपिलात १९५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच मानले. मजकुराची जाणीव नसतानाही विक्रेत्यास शिक्षा होऊ लागली, तर तो स्वतः वाचलेली तेवढीच पुस्तके विकील आणि वाचकांच्या वाट्याला येणारे ग्रंथभांडार आपोआप आक्रसेल.

पुढे संगणकावरील सार्वजनिक फलक निघाले आणि हा प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. 'कॉम्प्युसर्व्ह' या कंपनीच्या एका चर्चापीठावरील वार्तापत्राने प्रतिस्पर्ध्याची बदनामी केल्याचा दावा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात आला. कंपनी मजकूर आधी तपासत नसे. म्हणून १९९१ मध्ये न्यायमूर्ती लीझर यांनी तिला ग्रंथालयाच्या पंक्तीस बसवून मुक्त केले.

'प्रॉडिजी'चे धोरण याच्या उलट होते. कुटुंबातील सर्वांना वावरता यावे अशी सभ्य जागा राखण्याचा तिचा संकल्प. त्यासाठी तिने नियम केले, अपशब्द गाळणारी यंत्रणा बसविली, फलकांवर देखरेख करणारे प्रमुख नेमले. ऑक्टोबर १९९४ मध्ये कोणा निनावी लेखकाने तिच्या एका फलकावर 'स्ट्रॅटन ओकमाँट' या दलाली पेढीवर लबाडीचा आरोप केला. पेढीने २० कोटी डॉलरांचा दावा लावला. मे १९९५ मध्ये न्यायालयाने ठरविले की, जी कंपनी मजकूर निवडते ती प्रकाशकच होय. ज्याने हाती केरसुणी धरली तोच कचऱ्याचा धनी ठरला! (त्या पेढीच्या चालकांनी १९९९ मध्ये रोख्यांच्या व्यवहारांतील फसवणुकीचा गुन्हा कबूल केला, हा दैवाचा विनोदच.)

असा निवाडा टिकता, तर शहाणा फलकधारक डोळे मिटूनच बसला असता. म्हणून काँग्रेसमधील कॉक्स आणि वायडन या परस्परविरोधी पक्षांच्या दोन प्रतिनिधींनी पुढाकार घेतला आणि १९९६ मध्ये कायद्यात २३० वे कलम आले. दुसऱ्याच्या शब्दांबद्दल फलकधारकास प्रकाशक मानू नये, आणि सद्भावनेने काही गाळल्याबद्दल त्याला दंडही होऊ नये, असा त्याचा आशय.

परंतु ढाल जितकी रुंद, तितका मागे राहणारा पीडित एकाकी. एप्रिल १९९५ मधील ओक्लाहोमा शहरातील स्फोटानंतर, त्या मृतांची थट्टा करणारे सदरे विकत असल्याची खोटी जाहिरात कोणीतरी एका निरपराध गृहस्थाच्या दूरध्वनी क्रमांकासह लावली. पाचसहा दिवसांतच त्याला सुमारे दर दोन मिनिटांस शिव्याशापांचा एक दूरध्वनी येऊ लागला. त्याने फलकधारक कंपनीकडे तक्रारी केल्या होत्या. तरीही १९९७ मध्ये न्यायालयाने कंपनीस जबाबदार धरले नाही.

भारताने मधला मार्ग धरला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ७९ वे कलम २००८ मध्ये बदलले गेले. त्यानुसार मजकुराच्या बेकायदेशीरपणाची प्रत्यक्ष जाणीव होऊनही जो तो हटवीत नाही, त्याचे संरक्षण जाते. मात्र जाणीव झाली केव्हा म्हणायचे? कोणीही तक्रार करताच मजकूर पुसावा लागला, तर तक्रारदारच न्यायाधीश होऊन बसेल. मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: जाणीव म्हणजे न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिकृत सूचना.