रक्ताचा एक नमुना, दोन अर्थ

१८६०च्या भारतीय दंड संहितेच्या ९०व्या कलमाने एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली होती : नशेमुळे आपण कशाला होकार देत आहोत हेच ज्या व्यक्तीला उमगत नाही, तिचा होकार हा होकारच नव्हे. बलात्काराच्या व्याख्येत मात्र नशेचा हा उल्लेख स्पष्ट शब्दांत येण्यास १९८३ साल उजाडले. मथुरा खटल्याच्या निकालानंतर पेटलेल्या स्त्री-आंदोलनाचे ते फलित.

महाराष्ट्रात पेच आणखी खोल होता. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याविना मद्यप्राशन हाच गुन्हा ठरवला आणि पुढे रक्तातील मद्यार्काच्या प्रमाणाला पुराव्याचे स्थान दिले. अशी रक्ततपासणी कशी करावी हे १२९-अ कलमात सांगितले आहे. १९६३ साली महाराष्ट्रातील एक अपघात-प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या कलमाची रीत न पाळता रुग्णालयात घेतलेल्या रक्ताचा पुरावा केवळ तेवढ्याने बाद होत नाही, असे तेथे बहुमताने ठरले.

तो खटला एका पुरुषाचा. पण अत्याचारानंतर रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या, मद्य घेतलेल्या स्त्रीच्या जागेवरून तो वाचून पाहा. तिच्या रक्तातील तोच आकडा एका कायद्यापुढे तिच्या असहायतेची साक्ष देतो, दुसऱ्यापुढे तिच्याच अपराधाची. त्यात १८७२च्या पुरावा कायद्याचे १५५(४) कलम पीडितेचे ‘चारित्र्य’ चव्हाट्यावर मांडण्याची मुभा देत होते. ते २००२च्या दुरुस्तीने गेले. म्हणजे १३० वर्षे टिकले!

१९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सेवनालाही शिक्षा ठेवली. त्याच्या ६४-अ कलमात व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून अभय आहे, परंतु ते स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्यापुरते. अत्याचाराच्या जखमांवर उपचार मागणारी स्त्री त्या शब्दांत बसत नाही.

२०१३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-क हे कलम आले. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ आणि विनामूल्य उपचार करावेत, असे बंधन त्याने घातले. उपचारांसाठी आधी पोलिसांत तक्रार असण्याची अट नाही, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट केले; तपासणीसाठी तिची संमतीही आवश्यक ठरवली. ही मोठीच मजल होती. मात्र २०२४पर्यंत लागू असलेल्या त्याच ३५७-क कलमाच्या उत्तरार्धात रुग्णालयाने पोलिसांना ताबडतोब कळवावे, असेही म्हटले होते. आणि जिच्या रक्तात अमली पदार्थ सापडण्याची शक्यता आहे, ती स्त्री रुग्णालयाच्या दारात थबकते ती नेमकी या ओळीपाशी.