थैली आणि पन्नी

“थैली आनली, का पन्नीत देऊ?” वऱ्हाडातल्या शेलूबाजारात भाजी घेताना हा प्रश्न कानावर येतो. पुण्या-मुंबईकडच्या माणसाला तो समजायला जरा वेळ लागतो. तिकडे या दोन्ही वस्तूंचं नाव पिशवीच, आणि फरक सांगायचा तर आधी ‘कापडी’ किंवा ‘प्लास्टिकची’ म्हणावं लागतं. वऱ्हाडी बोलीला ही अडचण नाही. घरून हातात घेऊन निघायची ती थैली. दुकानदार खिळ्याला टांगलेल्या जुडीतून ओढून देतो ती पन्नी. एकदा धुऊन पुन्हा वापरायची वस्तू आणि एकदा वापरून फेकायची वस्तू यांना एकच नाव द्यावं, असं इथल्या माणसांना वाटलं नाही, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

प्रमाण मराठीत काय झालं पाहा. पूर्वी पिशवी म्हटलं की ती कापडाचीच असायची, वेगळं सांगायची गरज नव्हती. पुढे प्लास्टिकची आली, तिला विशेषण लागलं. मग ती इतकी बोकाळली की विशेषण तिनं टाकून दिलं आणि ते मूळच्या पिशवीला लावायची वेळ आली. आज ‘पिशवी द्या’ म्हटलं की दुकानदाराचा हात प्लास्टिककडे जातो. दूधही पिशवीतच येतं. घरच्या मालकिणीला आपल्याच घरात ओळखपत्र दाखवावं लागावं, तसं कापडाला आता ‘कापडी’ म्हणून यावं लागतं.

पन्नी हिंदीतून आली. पन्नी म्हणजे मुळात चकचकीत पातळ वर्ख, सजावटीला किंवा वेष्टनाला लावतात तो. तिचं कूळ संस्कृत ‘पर्ण’चं. त्याच पर्णाचं मराठीत पान झालं आणि हिंदीत पुस्तकाचा पन्ना झाला. म्हणजे पान आणि पन्नी या सख्ख्या बहिणी. बाजारात पूर्वी फुलं, लोणी, मटण पळसाच्या पानात बांधून मिळायचं आणि पंगतीला पत्रावळ-द्रोण पळसाचेच असायचे. पन्नीनं पानाचं काम घेतलं आणि नावातही पानाचाच अंश घेतला. पळसाचं पान मात्र उकिरड्यावर पडलं की पुढच्या पावसापर्यंत माती होतं. पन्नी नाल्यात अडकते आणि तिथून गाईच्या पोटात जाते.

शहरी आणि सरकारी शब्द ‘कॅरीबॅग’. हा घडवला आपणच. इंग्लंडात तिला ‘कॅरियर बॅग’ म्हणतात. आपल्याकडे मात्र तो कायद्यात जाऊन बसला आणि 2016 च्या केंद्रीय प्लास्टिक कचरा नियमांत त्याची रीतसर व्याख्याही आहे. महाराष्ट्र सरकारनं 23 मार्च 2018 ला अधिसूचना काढून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. हँडल असलेल्या आणि नसलेल्या, दोन्हींवर. पहिल्या गुन्ह्याला 5 हजार रुपये दंड, दुसऱ्याला 10 हजार, तिसऱ्याला 25 हजार आणि तीन महिने कैद. केंद्राच्या नियमांची भाषा मायक्रॉनची: 2016 मध्ये किमान जाडी 50, 30 सप्टेंबर 2021 पासून 75, 31 डिसेंबर 2022 पासून 120. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाजारात उभ्या असलेल्या बाईला तो बोटांनी कसा कळावा? पन्नी म्हणजे पन्नी, हे मात्र तिला न मोजता कळतं.

बंदीनंतर दुकानांत एक तिसरीच वस्तू आली. रंगीत, मऊ, दुकानाचं नाव छापलेली. लोक तिला कापडी म्हणतात, आणि इथे शब्द आपल्याला सरळ फसवतो. तिचं व्यापारी नाव ‘नॉन-वोव्हन’, म्हणजे न विणलेली. पॉलिप्रोपिलीनचे तंतू उष्णतेनं दाबून केलेला तो पत्रा आहे, शुद्ध प्लास्टिक. कडेचा धागा ओढून पाहा, उभा-आडवा काहीच निघत नाही. चार-सहा महिने उन्हात राहिली की तिचा भुगा होतो आणि तो भुगा वेचताही येत नाही. तिला कापडी म्हणणं थांबवायला हवं.

कारण ‘कापड’ आणि ‘पिशवी’ हे दोन्ही शब्द मुळात फार काटेकोर आहेत. कापड आलं संस्कृत ‘कर्पट’ वरून, आणि कर्पट म्हणजे चिंधी, ठिगळाचं वस्त्र, जुनेर. पिशवीचा संबंध मला ‘प्रसेवक’ शी जोडावासा वाटतो. संस्कृतात हा थैलीचाच शब्द, आणि त्यात धातू आहे ‘सिव्’, म्हणजे शिवणं. आपलं ‘शिवणे’ही तिथूनच आलं. ही वाट धरली तर कापडी पिशवी म्हणजे जुनेराची, शिवलेली वस्तू. विणल्याशिवाय कापड नाही, शिवल्याशिवाय पिशवी नाही. नॉन-वोव्हनला यातलं एकही नाव लागू होत नाही.

आणि जुनेर हा भाग सोडून देण्याजोगा नाही. नव्या कापसाची पिशवी फुकट पडत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं की, तापमानवाढीच्या हिशेबात सुती पिशवी 131 वेळा वापरली तरच ती एकदा वापरून टाकलेल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला येते. वऱ्हाड कापसाचा मुलूख आहे. एका बोंडामागे किती फवारण्या आणि किती मजुरी जाते हे इथे कुणाला सांगायला नको. म्हणून प्रत्येक समारंभात नव्या सुती पिशव्या वाटण्यापेक्षा घरातलं जुनं कापड शिवलेलं बरं. तो कापूस एकदा अंगावर वापरून झालेला असतो.

जुन्या पँटची थैली कशी होते ते एकदा शिलाई मशीनपाशी उभं राहून पाहावं. मांडीपासून एक पाय कापायचा आणि उलटा करायचा. मोहरीकडचं तोंड दोन टिपा मारून बंद करायचं. मग तळाच्या दोन्ही कोपऱ्यांवर आडवी टीप घालायची, म्हणजे थैली जमिनीवर नीट बसते आणि कांदे कोपऱ्यात अडकत नाहीत. वरची कड दुहेरी दुमडायची. बंदांसाठी नवी पट्टी लागत नाही. कमरपट्टी उसवून घ्यायची, तिच्यात आधीच कॅनव्हासचा थर असतो, पाच किलो गहू सहज पेलतो. दोन पायांच्या दोन थैल्या आणि मागचा खिसा सुट्ट्या पैशांना.

खिसासुद्धा मुळात थैलीच. अरबी-फारसी ‘कीसा’ म्हणजे पैशाची पिशवी, ती मराठीत येऊन सदऱ्याला शिवली गेली. ‘खलिता’चंही तसंच. दरबारी पत्र जरीच्या पिशवीत घालून पाठवत, त्या पिशवीचं नाव खरीता, आणि पुढे पत्रालाच खलिता म्हणू लागले. पोतदार आडनाव फारसी ‘फोतेदार’ वरून, खजिना सांभाळणारा. आणि थैलीशहा म्हणजे कोण, हे तर वर्तमानपत्रं रोज सांगतात. पैसा आणि सत्ता ज्यात ठेवली गेली त्या वस्तूचं हे नाव वऱ्हाडात भाजीच्या पिशवीला आहे, आणि ते तिला शोभतं.

शेलूबाजारच्या नावातच बाजार आहे, चांदूर बाजारसारखा. अकोला-मंगरुळपीर रस्त्यावरचं हे गाव, आता समृद्धी महामार्गाच्या फलकावरही आहे. बाजार समितीच्या दरपत्रकात मंगरुळपीरच्या जोडीला शेलूबाजारचा वेगळा भाव छापला जातो. सोयाबीन-तुरीच्या या आवारात शब्द आणखी जुने आहेत. गोणी पाणिनीच्या सूत्रात आहे आणि इंग्रजांनी तिचीच ‘गनी’ केली. बारदान फारसी: बार म्हणजे ओझं, दान म्हणजे ते ठेवायचं पात्र, जसं पानदान. 2017 मध्ये तुरीचं अमाप पीक आलं तेव्हा बारदाना संपला म्हणून राज्यात ठिकठिकाणी सरकारी खरेदी थांबली होती. तूर होती, खरेदीदार होता, अडलं ते पोत्यापाशी. आवारात पोतं मोजतात, त्याचं वजन वजा करतात, रिकामं झालं की घडी घालून जपतात. त्याच गावात पन्नीचा हिशेब कुणी ठेवत नाही, कारण ती फुकट मिळते.

लोकांचाच शब्द मोहिमेला कसा उपयोगी पडतो, ते तमिळनाडूनं दाखवलं. डिसेंबर 2021 मध्ये ‘मीण्डुम मंजप्पै’ म्हणजे ‘पुन्हा पिवळी थैली’ ही सरकारी मोहीम सुरू झाली. तिथे लग्नाकार्यात वाटायच्या पिवळ्या कापडी थैलीला मंजप्पै म्हणत. मधल्या काळात हा शब्द गावंढळ माणसाची खूण ठरला होता, हातात मंजप्पै दिसली की लोक हसत. सरकारनं मुद्दाम तोच शब्द उचलून फलकावर नेला. वऱ्हाडात थैलीची अशी हेटाळणी झाली नाही. घरातून निघणाऱ्या पोराला आजही “थैली घेऊन जाजो” म्हणून सांगतात. मग इथल्या फलकांवर ‘एकल वापर प्लास्टिक निर्मूलन’ असं कशाला लिहायचं? बाजाराच्या तोंडाशी ग्रामपंचायतीनं मोठ्या अक्षरांत पाटी लावावी: थैली आणा, पन्नी भेटणार नाही. आणि ‘भेटणार’च लिहावं, ‘मिळणार’ नको.