इंदूरची एक दिवाळी आणि सांडपाण्याचा प्रश्न

देवाच्या पालखीचा मार्ग पूर्वापार ठरलेला असतो. कोणत्या पेठेतून निघावयाचे, कोणाच्या दारी थांबून ओवाळून घ्यावयाचे, कोणत्या आळीकडे वळावयाचेच नाही, हे सारे वहिवाटीने निश्चित असते. आणि त्यात थोडा फेरफार करू गेल्यास केवढे तंटे माजतात, हे देवस्थानांच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला त्यांना सांगावयास नको. म्हणूनच १९१७ साली इंदुरात निघालेल्या दिवाळीच्या मिरवणुकीची हकीगत विलक्षण वाटते. तिचा मार्ग ना हिंदूंच्या वहिवाटीचा होता, ना मुसलमानांच्या. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत अधिक स्वच्छ व डागडुजी केलेली आढळतील, त्या रस्त्यांवरून ती जाईल, असे जाहीर झाले होते.

ही कल्पना पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश गृहस्थांची. मूळचे ते जीवशास्त्रज्ञ. पुढे नगररचनेकडे वळले. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले आणि १९१६ मध्ये बडोदे शहरासंबंधी त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यानंतर श्रीमंत तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या दरबाराने त्यांना आपल्या राजधानीची पाहणी करण्यास पाचारण केले.

राजधानीची अवस्था चिंता करण्याजोगीच होती. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर होळकरांची गादी इंदुरास स्थिर झाली, वस्ती वाढली, कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या; पण खान आणि सरस्वती या दोन लहान नद्यांच्या काठी वसलेल्या या शहराचे सांडपाणी जावयाचे कोठे, याची व्यवस्था वस्तीबरोबर वाढली नाही. ज्या घराण्यातील अहिल्याबाईंनी महेश्वरी व काशीस घाट बांधले, त्याच घराण्याच्या राजधानीत नदीचे गटार व्हावे, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. त्यात प्लेग आणि हिवताप यांनी ठाण मांडले होते. जमिनीखालून मोठे नळ घालून साऱ्या शहराचा मैला पाण्याबरोबर वाहून न्यावा, अशी एक खर्चिक योजना अभियंत्यांनी पुढे केली होती.

गेडिससाहेब हाती नकाशे घेऊन बोळाबोळांतून हिंडू लागले, तेव्हा लोक त्यांना पाहून बिचकत. हा म्हातारा साहेब प्लेग घेऊन येतो, अशी वदंता पसरली होती. यावर त्यांनी जो उपाय शोधला तो कोणा अभियंत्यास सुचता ना. एका दिवसापुरती सत्ता त्यांनी महाराजांकडून मागून घेतली आणि ही मिरवणूक योजिली. मग काय विचारता! आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून आळ्याआळ्यांत चढाओढ लागली. केरकचरा फुकट वाहून नेण्याची सोय केली होती. गेडिस यांच्या कथनानुसार सहा हजारांवर गाड्या कचरा शहराबाहेर गेला. उंदीर धरले गेले, पडक्या भिंती सावरल्या गेल्या.

मिरवणुकीत अग्रभागी घोडदळ, पायदळ व तोफा. मागे पांढऱ्या रंगविलेल्या हत्तीवर लक्ष्मी. त्यानंतर कर्कश वाद्यांच्या गजरात अस्वच्छतेचा राक्षस, डास, कोसळू पाहणारी घरे आणि प्लेगचा अजस्र उंदीर. आणि मग वाद्ये पालटली. शहरातील सारे सफाई कामगार, ज्यांना तेव्हा मेहतर म्हणत, शुभ्र नवी वस्त्रे लेऊन आणि झाडूंना फुलांच्या माळा गुंफून चालत आले. त्यांच्या गाड्या नव्याने रंगविलेल्या, बैल शृंगारलेले. त्यांच्या मस्तकी ज्या रंगाचे पागोटे होते, त्याच रंगाचे पागोटे मागून येणाऱ्या नगराधिकाऱ्यांच्या आणि खुद्द गेडिस यांच्याही मस्तकी होते. शेवटी तुळशीची हजारो रोपे लोकांना वाटण्यात आली आणि रात्री त्या राक्षसाचे व उंदराचे दहन झाले. पुढे साथ ओसरली. साथी ऋतुमानाप्रमाणेही ओसरतात, तेव्हा सारे श्रेय मिरवणुकीस देता येणार नाही. पण उंदरांची बिळे व कचऱ्याचे ढीग गेले हा लाभ लहान नव्हे.

१९१८ मध्ये त्यांचा इंदूरविषयीचा अहवाल दोन भागांत छापला गेला. त्यात नळांच्या योजनेवर त्यांनी कठोर टीका केली आहे. सारे काही गटारात, हे युरोपीय सूत्र उलटवून सारे काही मातीत, असे त्यांनी मांडले: मैल्याचे खत व्हावे, त्यावर बागा फुलाव्यात, नदीकाठी झाडे लागावीत, आणि वाचलेला पैसा घरांच्या सुधारणेस लागावा. यात तथ्य पुष्कळ होते. मैला वाहून नेण्यास लागणारे पाणी तेव्हाच्या इंदुराजवळ कोठे होते? यशवंतसागर झाला १९३९ साली, आणि नर्मदेचे पाणी आले १९७८ मध्ये. मातीच्या बाजूचा पुरावाही याच शहरात मिळाला. १९२४ साली येथे निघालेल्या कृषिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी शेण, पालापाचोळा आणि मूत्रमिश्रित माती यांपासून खत करण्याची जी रीत सिद्ध केली, ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली.

तथापि येथे एक गोष्ट मनास टोचल्यावाचून राहत नाही. मैला मातीत जावा हे खरे. परंतु घरापासून मातीपर्यंत तो न्यावयाचा कोणी? जमिनीखालचा नळ कितीही खर्चिक असो, तो ज्याच्या डोक्यावरची पाटी उतरवितो त्याच्या दृष्टीने त्याची किंमत निराळी आहे. ज्या माणसाच्या झाडूला साहेबांनी फुलांची माळ घातली, त्याच्याच गळ्यात पाडव्यानंतर जुने काम पुन्हा पडले. माझ्या मते गेडिस यांच्या थोर अहवालातील ही उणीव होय. आम्हांलाही फार दूषण देण्याचा अधिकार नाही. कोरडे संडास बांधण्यास आणि माणसाकरवी मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा आपल्या देशात १९९३ साली झाला, आणि तो अपुरा ठरून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

इंदूर महानगरपालिकेने पुढे स्वच्छतेत नाव मिळविले. २०१७ साली देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून तिचा प्रथम क्रमांक आला. २०२१ मध्ये नद्यांत पडणारी गटारे अडविल्याबद्दलही तिचा गौरव झाला. पण खान नदी, जिला अलीकडे कान्ह म्हणतात, ती इंदुरात संपत नाही. ती उत्तरेस वाहत जाऊन उज्जयिनीच्या वेशीवर, त्रिवेणीपाशी, क्षिप्रेस मिळते. २०१६ च्या सिंहस्थात लक्षावधी भाविक जेथे स्नान करणार होते, त्या घाटांपर्यंत खानचे पाणी पोहोचू नये म्हणून ते जमिनीखालच्या मोठ्या नळांतून वळवून, रामघाट टाळून, पुढे क्षिप्रेत सोडावे लागले.